सीयोनेचे दार आणि नामदेवाची पायरी



आजच्या विषयाची जाहिरात लागल्यापासून आम्हांला भेटेल तो एकच प्रश्न विचारीत आहे : 'तुम्ही मोर्चे काढणारी माणसे, देवाधर्माशी तुमचा संबंध काय?' संबंध आहे तो असा. यंत्रमागावर आणि विडीच्या धंद्यात राबणाऱ्या ज्या लोकांमध्ये आमचे आयुष्य गेले, ते लोक देवाधर्माचे आहेत. त्यांच्या सभा आम्ही देवळाच्या ओट्यावर घेतल्या, दर्ग्याच्या पटांगणात घेतल्या, मार्कंडेयाच्या उत्सवात भेटीगाठी घेतल्या. ज्याला त्यांचा देव कळत नाही त्याला त्यांचा पगारही नीट कळत नाही, असे आमचे मत आहे. आणि पुस्तकांचे म्हणाल, तर आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. वाचनालयात शिकणारा माणूस शिस्तीने वाचत नाही, हाताला येईल ते वाचतो. त्यामुळे आमच्या फळीवर मजुरीच्या कायद्याशेजारी ज्ञानेश्वरी आणि ज्ञानेश्वरीशेजारी ख्रिस्ती लोकांचे पवित्र शास्त्र बसले आहे. पंडितांना ही मांडणी विचित्र वाटेल. आमचा आजचा विषय मात्र त्या फळीवरूनच निघाला.

पवित्र शास्त्रात स्तोत्रसंहिता म्हणून एक भाग आहे. दीडशे स्तोत्रांचा. त्यातले सत्त्याऐंशीवे स्तोत्र फारच लहान आहे. वाचायला दोन मिनिटे पुरतात. त्यात कवी सांगतो, की याकोबाच्या वंशजांची जेवढी म्हणून घरे असतील, त्या सगळ्यांहून सीयोनेची दारे परमेश्वराला अधिक आवडतात. सीयोन म्हणजे यरुशलेम नगरीतली टेकडी, साऱ्या राष्ट्राच्या उपासनेचे ठिकाण. आम्ही प्रथम हे वाचले तेव्हा दोन ठिकाणी अडखळलो. घरांहून अधिक का? घरात काय वाईट लोक राहत होते? आणि दुसरे म्हणजे, दारे का? आवड सांगायचीच तर गाभाऱ्याची सांगावी, वेदीची सांगावी. दाराची का सांगितली? या दोन प्रश्नांपलीकडे आज आम्ही फारसे काही बोलणार नाही.

पहिला प्रश्न घेऊ. देव घरात आहेच, मग चार लोकांत जाऊन त्याला हाक मारण्यात विशेष ते काय? हा प्रश्न सुशिक्षित माणूस हटकून विचारतो, आणि त्याला आधारही देतो. येशूनेच सांगितले आहे, की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे कर. बरोबर आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून लोकांना दिसेल अशी प्रार्थना करणाऱ्या दांभिकांसाठी ते सांगितले आहे, आणि अशी मंडळी आपल्या शहरातही कमी नाहीत. पण त्याच अध्यायात, दोनचार ओळी खाली, जी प्रार्थना त्याने शिष्यांना शिकवली ती पाहा. तिच्यात 'माझा' हा शब्दच नाही. बाप आमचा, भाकर आमची, अपराधांची क्षमा आम्हांला. दार लावून एकटा बसलेला माणूससुद्धा बोलतो ते अनेकवचनात!

हे एकदा ध्यानात आल्यावर आम्ही इतर ठिकाणीही पाहू लागलो. ब्राह्मणाचा मुलगा संध्येला एकटाच बसतो, पळीपंचपात्र त्याचे एकट्याचे असते. पण गायत्रीमंत्रात तो सूर्यदेवाजवळ बुद्धी मागतो ती 'आमची' बुद्धी. मुसलमान बांधव कुराणाचा पहिला अध्याय प्रत्येक नमाजात म्हणतात. एकटा प्रवासी माळावर चादर पसरून नमाज पढत असला तरी तो 'आम्ही' तुझी उपासना करतो आणि 'आम्हांला' सरळ वाट दाखव असेच म्हणतो. आणि ज्ञानेश्वरांनी ग्रंथ संपवताना जे पसायदान मागितले त्यात स्वतःसाठी काय मागितले, हे आपण सर्वजण जाणता. या चौघांनी एकत्र बसून ठराव केला नव्हता. तरीही एकट्याची प्रार्थना ही जमलेल्या लोकांतून सुटून आलेली एक काडी आहे, हे चौघांनाही ठाऊक होते.

आपल्याकडे तर याहून स्पष्ट सांगितले आहे. पद्मपुराणात नारदाला विष्णू आपला पत्ता सांगतो. वैकुंठात मी असेनच असे नाही, योग्यांच्या हृदयातही सापडेन असे नाही. माझे भक्त मिळून गातात तेथे मला पाहा. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायात हाच विचार घेतला आणि त्याला मराठी वळण दिले. त्यांचा देव म्हणतो, मी हरवलो तर तिथे शोधा. देव हरवू शकतो ही कल्पना आम्हांला मोठी धीट वाटते. हरवलेले पोर जसे बहुतेक वेळा बाकीची पोरे खेळत असतात तिथे सापडते, तसा हा देव जिथे घोष चालला आहे तिथे सापडायचा.

मुसलमानांच्या हदीसमध्ये जमातीने केलेल्या नमाजाला एकट्याच्या नमाजाहून सत्तावीस पट मोल दिले आहे. आणखी एक हदीस अशी आहे, की गावातल्या जागांपैकी अल्लाला सर्वांत प्रिय मशिदी, आणि सर्वांत अप्रिय बाजार. आपण या क्षणी नवी पेठेत बसलो आहोत, तेव्हा व्यापारी मंडळींनी राग मानू नये! बाजारातही माणसे एकत्र येतात, मशिदीतही येतात. फरक एवढाच, की बाजारात ज्याच्या खिशात आहे तो पुढे जातो, आणि जमातीत जो आधी आला तो पुढच्या ओळीत उभा राहतो. निदान शास्त्र तसे आहे.

आता आमच्या धंद्यातले एक उदाहरण देतो, म्हणजे घरांहून दारे अधिक का, याचे आम्हांला सापडलेले उत्तर समजेल. सोलापुरात विडी वळणे हे बायांचे काम, आणि ते घरी बसून करण्याचे काम. बाई ब्रँचमधून पाने, तंबाखू आणि सूत आणते, घरी चूल सांभाळून विड्या वळते, आणि दुसऱ्या दिवशी ब्रँचवर नेऊन देते. मजुरी हजार विड्यांवर. तिथे तपासणारा बसलेला असतो. तो काही विड्या नापास म्हणून बाजूला काढतो. त्या विड्यांचे पैसे नाहीत. घरी परतलेल्या बाईला वाटते, काल दिव्याखाली वळल्या, आपलाच हात बिघडला. दुसऱ्या गल्लीतल्या बाईलाही तिच्या घरी तेच वाटत असते. शंभर घरांत शंभर बाया आपापल्या हाताला दोष देत बसलेल्या असतात. पण ब्रँचच्या दारात रांग लागली, पुढचीच्याही तितक्याच काढल्या आणि मागचीच्याही तितक्याच काढल्या हे डोळ्यांनी दिसले, की दोष हाताचा नाही हे कळायला भाषण लागत नाही. तेलुगू बोलणारी असो, मराठी असो, कानडी असो, उर्दू असो, त्या दारात प्रथम 'आम्ही' हा शब्द तोंडातून निघतो. आमच्या संघटनेचे कोणतेही काम आजवर कोणाच्या घरात सुरू झाले नाही. ते दारात सुरू झाले.

घरातले दुःख खरे असते, पण ते एकवचनी असते. घरातली भक्तीही खरी असते, आणि तिचीही तीच अडचण आहे. आपल्या देव्हाऱ्यासमोर आपण आपल्या मुलाची परीक्षा आणि आपल्या आईचे दुखणे मागतो. त्यात गैर काही नाही. पण शेजारच्याच्या आईचे दुखणे देवापुढे मांडायचे तर ते आधी ऐकावे लागते, आणि ऐकायला चार माणसे जमतात तिथे जावे लागते. स्तोत्रकर्त्याच्या देवाला दारे आवडतात, ती यासाठी असावीत अशी आमची समजूत आहे.

आता दुसरा प्रश्न : दारेच का? इथे गोष्ट गोड राहत नाही.

दार हे लोकांना आत घेण्यासाठी असते, तसेच बाहेर ठेवण्यासाठीही असते. हे स्तोत्र कोरहाच्या वंशजांच्या नावावर आहे, आणि कोरहाचे वंशज मंदिरात काय काम करीत? द्वारपालाचे! इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तशी नोंद आहे. चौऱ्याऐंशीवे स्तोत्रही त्यांचेच. त्यात दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहणे बरे असे म्हटले आहे, आणि मंदिरात चिमणीलाही घरटे मिळाले याचे कौतुक केले आहे. दारावर ज्याची नोकरी आहे त्यालाच अशी गोष्ट दिसते. पण नवल पुढे आहे. सत्त्याऐंशीव्या स्तोत्रात हा द्वारपाल ज्यांची नावे नगरीच्या नोंदवहीत लिहिली जातील ते लोक सांगतो : मिसरचे, बाबेलचे, पलेशेथचे, सोरचे, कूशचे. म्हणजे कोण? मिसरने त्यांना गुलाम केले होते, पलेशेथाशी पिढ्यान्‌पिढ्या लढाई, आणि बाबेलच्या राजाने तर नगरच जाळले. या शत्रूंविषयी देव म्हणतो, हे इथेच जन्मले असे लिहा. पाहुणे म्हणून आत घ्या असे म्हणत नाही, इथेच जन्मले असे लिहा म्हणतो. दार प्रिय आहे ते या अटीवर.

ही अट पाळली गेली का? आम्ही राजांचे पहिले पुस्तक जरा मन लावून वाचले, कारण त्यात मजुरांचे आकडे आहेत, आणि आकडा दिसला की आमची नजर तिथे थांबते. शलमोन राजाने ते मोठे मंदिर बांधले तेव्हा सक्तीने धरलेले ३०,००० मजूर होते; त्यांपैकी १०,००० पाळीपाळीने एक महिना लबानोनच्या रानात आणि दोन महिने घरी. शिवाय ओझी वाहणारे ७०,०००, डोंगरात दगड फोडणारे ८०,०००, आणि त्यांच्यावर ३,३०० मुकादम. शलमोनाने मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी प्रार्थना केली ती उत्तम आहे. स्वर्गातही तू मावत नाहीस तर या घरात काय मावशील, असे तो म्हणतो. परदेशी माणूस येऊन प्रार्थना करील त्याचेही ऐक, असेही म्हणतो. पण ८०,००० दगडफोड्यांचे ऐक, हे म्हणायचे राहून गेले.

शलमोन मेल्यावर काय झाले ते ऐका. लोकांचे शिष्टमंडळ त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे गेले. पुढारी यराबाम, जो पूर्वी स्वतः वेठीच्या कामावर अधिकारी होता. मागणी एकच : तुमच्या वडिलांनी घातलेले जू जड आहे, ते हलके करा, आम्ही तुमची सेवा करू. राजाने तीन दिवसांची मुदत मागितली. म्हाताऱ्या सल्लागारांनी सांगितले, गोड बोला, मान्य करा. बरोबरीच्या तरुणांनी सांगितले, आणखी ताठ राहा. राजाने तरुणांचे ऐकले आणि चाबकाऐवजी विंचवांनी फोडून काढीन असे उत्तर दिले. झाले! बारांपैकी दहा वंश फुटून निघाले, आणि समजूत घालायला वेठीवरचा मुख्य मुकादम अदोराम पाठवला, त्याला लोकांनी दगडांनी ठार केले. दगडफोड्यांच्या हातात दगडच असणार. मारहाणीचे समर्थन आम्ही करीत नाही, चाळीस वर्षांत कधी केले नाही. पण वाटाघाटीला मुकादम पाठवणारा मालक आम्ही पाहिलेला आहे, आणि हा प्रसंग तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे असे वाचताना वाटत नाही. सर्वांचे म्हणून बांधलेले मंदिर एका पिढीत सर्वांचे राहिले नाही.

पुढे यिर्मया नावाचा संदेष्टा झाला. तो भाषणाला कुठे उभा राहिला? मंदिराच्या दारात. आत चाललेल्या लोकांना तो म्हणाला, हे परमेश्वराचे मंदिर, हे परमेश्वराचे मंदिर असे घोकून तुम्हांला संरक्षण मिळणार नाही. परक्याला, पोरक्याला आणि विधवेला पिळणे थांबवा, तरच या ठिकाणी राहाल. याच भाषणात त्याने मंदिराला लुटारूंची गुहा म्हटले. दाराच्या सभेत झालेले इतके जहाल भाषण आमच्या वाचनात दुसरे नाही.

आणि एवढे सगळे शास्त्रात असूनही, हेरोद राजाने वाढवलेल्या नंतरच्या मंदिरात आतल्या आवाराच्या कठड्यावर ग्रीक भाषेत दगडी पाट्या लावलेल्या होत्या : परजातीय माणसाने याच्या आत पाऊल टाकू नये, सापडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. इ. स. ७० मध्ये रोमन फौजांनी ते मंदिर पाडले. पण त्यातला एक दगड १८७१ साली क्लेर्मों-गानो या फ्रेंच विद्वानाला सापडला. तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मंदिर गेले आणि बंदीची पाटी तेवढी राहिली!

आता यरुशलेमहून आपल्या जिल्ह्यात येऊ. कारण असला दगड आपल्याकडेही होता. फक्त त्यावर अक्षरे कोरण्याची गरज नव्हती, सर्वांना पाठ होते.

मंगळवेढे आपल्यापासून दूर नाही. बसवेश्वरांचा काही काळ तिथे कलचुरी बिज्जलाच्या पदरी गेला. कान्होपात्रा तिथली, कलावंतिणीच्या पोटची ही मुलगी बिदरच्या दरबारातून बोलावणे आले तेव्हा विठ्ठलाच्या पायाशी जाऊन मेली अशी कथा आहे. आणि चोखामेळा तिथला. चोखोबा पंढरीला जायचे ते महाद्वारापर्यंत. पुढे जाण्याची त्यांच्या जातीला मनाई. ते मेले कसे हे आपण विसरतो. देवाचे नाव घेत आसनावर बसून मेले नाहीत. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू होते, त्या कामावर असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. साल शके १२६०, म्हणजे १३३८. आजच्या भाषेत कामावरचा अपघात. भरपाई कोणाला मिळाली असेल ते सांगायला नको. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली हाडे कानाशी लावून पाहिली, ज्यांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली, आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी दिली. परंपरेतली ही कथा आम्ही जशीच्या तशी मानतो, कारण तिच्यात एक गोष्ट फार खरी आहे : ढिगाऱ्याखालच्या मजुरांत ओळख पटवायला कोणी आपणहून गेले, असे आमच्या पाहण्यात फार वेळा आलेले नाही.

नामदेवांनी स्वतःसाठी कोणती जागा मागितली? त्याच महाद्वाराची पहिली पायरी. येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. औंढ्या नागनाथाची कथाही आपण ऐकली असेल. कीर्तन अडचणीचे होते म्हणून नामदेवांना देवळाच्या मागे बसवले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्याने आपले तोंड नामदेवांकडे केले. स्तोत्रातल्या देवाला दारे आवडतात. आपल्याकडच्या देवाने माणूस ज्या बाजूला हाकलला त्या बाजूला दार नेले. पंढरपुरात मात्र देऊळ फिरले नाही. समोर चोखोबांची समाधी, पलीकडे नामदेवांची पायरी, मधे हाकेचेही अंतर नाही. ते अंतर चोखोबांच्या लोकांना ओलांडायला १३३८ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे ६०९ वर्षे लागली.

तेही आपोआप नाही. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून गावोगाव सांगितले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण सुरू केले. तारीख कामगार दिनाची आहे हे आम्ही आमच्या लोकांना दरवर्षी सांगतो. स्वराज्य तीन महिन्यांवर आलेले. कित्येक थोर माणसांना वाटत होते, आता कशाला, कायदा होईलच. कायदा त्याच वर्षी झालाही. पण कायद्याने कुलूप निघते. दारातून आत येणाऱ्याला 'ये' म्हणायचे असते ते कायदा म्हणत नाही. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी गुरुजींचे उपोषण सुटले. पुढे १९५८ सालच्या मे महिन्यात विनोबा पंढरपुरास आले आणि त्यांच्याबरोबर इतर धर्मांच्या सोबत्यांनीही विठ्ठलाचे दर्शन घेतले. कोरहाच्या त्या द्वारपालाने हे पाहिले असते तर त्याने वही काढली असती.

पण या हिशेबाची दुसरी बाजू न मांडणे लबाडीचे होईल. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. लोकांनी वर्षानुवर्षे मार खाल्ला, दार उघडले नाही. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह बुद्धाला शरण गेले. ज्यांना दारात सहाशे वर्षे उभे केले, त्यांनी आपली जागा स्वतः निर्माण केली. दीक्षाभूमीवर दरवर्षी केवढा समुदाय लोटतो ते आपण पाहता. तिथे दाराशी जात विचारणारा कोणी नाही. पंढरपूरचे दार उघडले हे चांगलेच झाले. पण उशिरा उघडलेल्या दारातून सगळेच आत येतात असे नाही, आणि जे आले नाहीत त्यांच्यावर रुसण्याचा हक्क आतल्यांना नाही. बायकांच्या बाबतीतही तेच. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर त्यांना पाऊल ठेवता आले ते २०१६ साली, तेही उच्च न्यायालयाने सांगितल्यावर.

आपल्या सोलापूरची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती सांगताना आम्हांला अभिमान वाटतो. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळे खणले आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली. तळ्यावर राबलेले लोक वेठीने धरलेले नव्हते. ते काम लोकांनी भक्ती म्हणून केले असे परंपरा सांगते. शून्यसंपादने या कानडी ग्रंथात एक गमतीचा प्रसंग आहे. अल्लमप्रभू खणाखणीच्या जागी येतात आणि हा दगडमातीवाला सिद्धराम कुठे आहे म्हणून हेटाळणीने विचारतात. कामावरची माणसे चिडून त्यांच्यावर दगड टाकतात. अल्लमप्रभूंचे म्हणणे असे, की बाहेर किती खणशील, आत खण. सिद्धरामांना ते पटले आणि ते कल्याणला गेले. अल्लमप्रभू फार मोठे, त्यांच्यापुढे आम्ही कोण. पण आत खणणाऱ्यांनाही तहान लागतेच, आणि तळे तेव्हापासून आजपर्यंत गावाचे आहे. शिवाय बसवण्णांचेच पाहा. श्रीमंत देऊळ बांधतात, मी गरीब काय बांधू, माझा देहच देऊळ, असा त्यांचा विचार. त्याच बसवण्णांनी चांभार, परीट, नावाडी आणि बायका यांना एकत्र बसवून बोलायला कल्याणला अनुभवमंटप उभारला. देह देऊळ झाला तरी बसायला जागा लागलीच.

गड्ड्याच्या यात्रेत दर संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात. त्यांतले शेवटचे दोन मातंग समाजाच्या मानाचे. ही व्यवस्था पुरती समतेची आहे असे आम्ही म्हणणार नाही. पहिला कोण आणि सातवा कोण हा हिशेब तिच्यात आहेच. पण अक्षतेच्या वेळी सातही काठ्या एका जागी येतात आणि त्या आल्याशिवाय सोहळा होत नाही. यंत्रमागावर काम करणारा माणूस त्या दिवशी पांढरी बाराबंदी घालून असा चालतो, की त्याला ओळखणे कठीण.

मार्च २०२० मध्ये सगळी देवळे, मशिदी, चर्च बंद झाली. त्या वर्षी पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एस.टी. बसमधून पंढरपुरास आल्या. देव घरातच आहे, असे तेव्हा सर्वांनी सांगितले, आणि रोगाच्या दृष्टीने ते योग्यच होते. विडीच्या ब्रँचही बंद होत्या. त्या महिन्यांत आम्ही फोनवरून लोकांची चौकशी करीत होतो. पैशाची तक्रार तर होतीच. पण एक म्हातारी बाई म्हणाली, 'अण्णा, घरात देव हाय, पण कुणाच्या खांद्याला खांदा लागंना.' १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, दारे उघडली, तेव्हा पहिल्या रांगेत ती होती असे तिच्या सुनेने सांगितले.

आता शेवटचे. शहराच्या कडेला एक नवी वसाहत झाली आहे. नाव घेत नाही, कारण बोलणी चालू आहेत. तिच्या आवारात सुंदर देऊळ आहे. ज्या गवंड्यांनी आणि बिगाऱ्यांनी ते बांधले ते आमच्या संघटनेचे सभासद. गेल्या श्रावणात त्यांतला एक जण बायकोला घेऊन दर्शनाला गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाटी दाखवली : मंदिर फक्त रहिवाशांसाठी. जात कोणी विचारली नाही. ओळखपत्र विचारले. कळस आपण चढवला, हे त्याने सांगून पाहिले. पहारेकरी भला माणूस होता, तोही आमच्याच वस्तीतला. तो म्हणाला, 'माझ्याही बायकोला सोडता येत नाही.'

वसाहतीच्या मंडळाशी आम्ही बोललो. चोऱ्या होतात, मोटारी असतात, मुले खेळतात, अशी त्यांची कारणे आहेत आणि ती सगळीच खोटी नाहीत. पुढच्या रविवारी त्यांची सभा आहे आणि आम्हांला म्हणणे मांडायला बोलावले आहे. बरोबर तो गवंडी येणार आहे, त्याची बायको येणार आहे, आणि पहारेकऱ्याला सुट्टी मिळाली तर तोही. स्तोत्रसंहितेचे पुस्तक न्यावे की नको, याविषयी आमच्यात मतभेद आहेत. आपल्यापैकी कोणी त्या वसाहतीत राहत असतील तर त्यांनी सभेला जरूर यावे.

अध्यक्षांची चिठ्ठी केव्हाच आली आहे.